स्क्लेरोडर्मा म्हणजे कुष्ठरोग नव्हे
बोटं आखडली, कातडी ताठ झाली, तिच्यावर पांढरे-काळे ठिपके उमटले, की ‘हा कुष्ठरोगच’ असं ठरवून माणसाची भांडी वेगळी काढली जातात. हे चुकीचं आहे, आणि क्रूरही. ही लक्षणं स्क्लेरोडर्माचीही असू शकतात; हा कातडी कडक करणारा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच बिघडते आणि त्वचेत कोलॅजन हे प्रथिन प्रमाणाबाहेर साठतं. सांधा आतून धड असला तरी वरची कातडी आवळल्यामुळे मूठ वळत नाही, तोंड पुरतं उघडत नाही.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात, म्हणून चट्ट्यावरची संवेदना जाते. स्क्लेरोडर्मात स्पर्श कळतो. शिवाय बहुतेकांची बोटं थंडीत आधी पांढरी, मग निळी पडतात. हे कातडी कडक होण्याच्या कित्येक वर्षं आधीही सुरू होऊ शकतं. (आणि कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो. भांडी वेगळी काढायला तिथेही कारण नाही.)

खरा धोका आत असतो: फुप्फुसं, हृदय, मूत्रपिंड. नुसत्या मलमावर राहू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. रक्तदाब अचानक चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने तर मुळीच घेऊ नका. मोठ्या मात्रेत त्या या आजारात मूत्रपिंडांवर संकट ओढवू शकतात.