श्रीनिवासन, एम. आर.

श्रीनिवासन, एम. आर. : (५ जानेवारी १९३०–२० मे २०२५). भारतीय अणुऊर्जा अभियंता, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आणि केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे सचिव. पूर्ण नाव मालूर रामस्वामी श्रीनिवासन. अणुऊर्जेचा विषय निघाला की भाभा, साराभाई, रामण्णा ही भौतिकीतली नावे आधी आठवतात. श्रीनिवासन हे यंत्र अभियंते. अणुभट्टीचे भौतिकी इतरांनी मांडले. त्या भट्टीभोवती वीज देणारे केंद्र उभे करण्याचे काम ज्यांच्या अंगावर पडले, त्यांत ते सर्वांत पुढे होते.

जन्म बंगळुरूचा. तेथेच १९५० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात गेले आणि १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अभ्यासाचा विषय गॅस टर्बाइन, म्हणजे अणूशी थेट संबंध नसलेला. सप्टेंबर १९५५ मध्ये ते अणुऊर्जा विभागात रुजू झाले. तुर्भे येथे अप्सरा ही देशातली पहिली संशोधन अणुभट्टी तेव्हा आकार घेत होती. ती ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली. १९५९ मध्ये पहिल्या अणुवीज केंद्रासाठी प्रमुख प्रकल्प अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते.

हे पहिले केंद्र म्हणजे तारापूर. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते बांधून, चालू करून हाती दिले आणि १९६९ मध्ये तेथून वीज मिळू लागली. केंद्र मिळाले, पण इंधन म्हणून लागणारे समृद्ध, म्हणजे प्रक्रिया करून भंजनक्षम अंश वाढवलेले, युरेनियमही अमेरिकेकडूनच यायचे होते. १९७४ च्या अणुचाचणीनंतर तो पुरवठा अडखळला, पुढे थांबला, आणि विकत घेतलेल्या तंत्रज्ञानाची दोरी कुणाच्या हाती असते ते कळले. नैसर्गिक, म्हणजे समृद्ध न केलेले युरेनियम आणि जड पाणी (नेहमीच्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेले पाणी) वापरणाऱ्या भट्ट्यांचा मार्ग भाभांनी आधीच निवडला होता, तो याच कारणासाठी. राजस्थानात रावतभाटा येथे कॅनडाच्या मदतीने अशा दोन भट्ट्यांचे काम सुरू झाले.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुचाचणी झाली आणि कॅनडाने हात काढून घेतला. पहिली भट्टी चालू झाली होती, दुसरी अर्धवट होती. त्याच वर्षी श्रीनिवासन अणुवीज प्रकल्पांच्या अभियांत्रिकी विभागाचे संचालक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीचा खरा कस येथे लागला. नकाशे हाताशी होते, पण ते काढणाऱ्यांना काही विचारायची सोय उरली नव्हती. रावतभाट्याची दुसरी भट्टी व्यावसायिक पातळीवर सुरू व्हायला १९८१ उजाडले.

अडचण नेमकी कशी होती, हे भट्टीच्या रचनेवरून कळते. कॅलँड्रिया ही जड पाण्याने भरलेली, आडवी ठेवलेली पोलादी टाकी. २२० मेगावॉटच्या भट्टीत तिच्यातून ३०६ नळ्या आरपार जातात आणि त्यांत युरेनियमचे गठ्ठे एकामागे एक बसवलेले असतात. टाकीच्या दोन्ही टोकांना जाडजूड ढाली असतात. एका ढालीवरचे प्रत्येक भोक समोरच्या ढालीवरच्या भोकाशी तंतोतंत जुळावे लागते, नाहीतर नळी बसतच नाही. शिवाय वीजनिर्मिती चालू असतानाच एका बाजूने नवे इंधन सारून दुसऱ्या बाजूने जुने काढायचे असते. असले काम देशात कुणी केलेले नव्हते. लार्सन अँड टुब्रो, साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारी वालचंदनगर इंडस्ट्रीज अशा कंपन्यांना ते करायला लावणे, पहिले सुटे भाग नापास झाले तर पुन्हा घडवून घेणे, हा या कार्यक्रमाचा न दिसणारा अर्धा भाग होता. विलंब झाले आणि खर्चही वाढले. वेळापत्रकांवर झालेली टीका बरीचशी रास्त होती. मात्र कारखान्यांच्या शिकण्याचा काळही त्याच वेळापत्रकात मोजला जात होता, हे टीकाकार सहसा विसरत.

चेन्नईजवळच्या कल्पाक्कम केंद्राशी श्रीनिवासन १९६७ पासूनच मुख्य प्रकल्प अभियंता म्हणून जोडलेले होते. हे केंद्र परदेशी भागीदाराविना उभे राहिले आणि तेथील पहिली भट्टी १९८३ मध्ये सुरू झाली. ती तयार होऊनही जड पाण्यासाठी खोळंबली होती. त्यानंतरच्या उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राचा आराखडा नव्याने केला गेला. कल्पाक्कमपर्यंत भट्टी तातडीने थांबवायची तर टाकीतले जड पाणी खालच्या टाकीत ओतून द्यावे लागे. नरोऱ्यात परस्परांवर अवलंबून नसलेल्या भट्टी जलद बंद करणाऱ्या दोन यंत्रणा आल्या. ३१ मार्च १९९३ रोजी तेथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि साऱ्या केंद्राची वीज गेली. तरीही भट्टी बंद झाली आणि तिच्या गाभ्याला धक्का लागला नाही.

१९८४ मध्ये ते अणुवीज मंडळाचे अध्यक्ष झाले. इ. स. २००० पर्यंत १०,००० मेगावॉट, हे उद्दिष्ट याच काळातले. प्रत्यक्षात त्या वर्षाअखेर क्षमता ३,००० मेगावॉटच्याही आत राहिली. पैसा तुटपुंजा होता, आयात बंद होती आणि एकेका केंद्राला दशक लागत होते. त्या मानाने हे लक्ष्य फारच महत्त्वाकांक्षी होते.

१९८७ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आणि विभागाचे सचिव झाले. भारतात ही दोन पदे एकाच व्यक्तीकडे असतात आणि ती व्यक्ती प्रशासकीय सेवेतली नसून वैज्ञानिक वा अभियंता असते, ही भाभांच्या काळापासूनची रीत आहे. निर्णय जलद होण्यासाठी ती सोयीची, पण चूक दाखवणारा त्याच घरातला असतो हा तिचा दोष. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि श्रीनिवासन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. वीज केंद्रे खात्यातून कंपनीकडे गेल्यामुळे रोख्यांतून बाजारातला पैसा उभारता येऊ लागला. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राबाबत सोव्हिएत संघाशी नोव्हेंबर १९८८ मध्ये झालेला करारही त्यांच्याच कार्यकाळातला. मोठ्या, ५०० मेगावॉट वर्गाच्या देशी भट्टीचे काम पुढे तारापूरलाच आले. ३ व ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना उठावे लागले.

१९९० ते १९९२ या काळात ते व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे वरिष्ठ सल्लागार होते. पुढे १९९६ ते १९९८ नियोजन आयोगाचे सदस्य आणि त्यानंतर दोनदा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर. पद्मश्री (१९८४), पद्मभूषण (१९९०) आणि पद्मविभूषण (२०१५) हे सन्मान त्यांना मिळाले. निवृत्तीनंतर निलगिरीतील उदगमंडलम (उटी) येथे त्यांचे वास्तव्य होते. तेथेच वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.