तळटिपांतील विरामचिन्हांची स्वयंचलित दुरुस्ती

पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शोध-बदलाचे नियम किंवा स्क्रिप्ट चालवून पुस्तकातल्या सगळ्या तळटिपांची विरामचिन्हे एकदम एकसारखी करण्याची पद्धत. विदर्भात तालुक्याच्या गावी डीटीपी करणाऱ्यांकडे महाविद्यालयांचे चर्चासत्र-ग्रंथ, गावांचे इतिहास, महानुभाव पोथ्यांच्या आवृत्त्या असे टिपांनी भरलेले काम येते. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे तीर्थस्थान. पोथीच्या पाठभेदांना, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या मजकुराच्या फरकांना, एकेका पानावर आठ-दहा टिपा सहज लागतात, आणि त्या हाताने तपासताना डोळे थकतात.

१९९९ साली आलेल्या इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून ‘ग्रेप’ शोध आहे. नेमका शब्द न देता ‘स्वल्पविरामाआधीची मोकळी जागा’ असा नमुना त्यात शोधता येतो. शोधाच्या चौकटीत तळटिपांचे चिन्ह चालू नसेल, तर मजकूर सुधारतो आणि टिपा जशाच्या तशा राहतात. नवख्याची पहिली चूक बहुधा हीच असते. सॉफ्टवेअरसोबत येणारी ‘फाइंड चेंज बाय लिस्ट’ ही स्क्रिप्ट साध्या मजकूर-फाइलीतले नियम ओळीने चालवते, त्यामुळे एकदा जमवलेली यादी पुढच्या पुस्तकालाही कामी येते.

काही नियम निर्धास्तपणे चालवावेत. दोन सुटे दंड जोडून ‘॥’ करणे, दुहेरी मोकळी जागा काढणे, ‘पृ.’ आणि आकडा यांच्यात न तुटणारी जागा घालणे, म्हणजे ‘पृ.’ ओळीच्या टोकाला आणि ‘४५’ खालच्या ओळीत असे होत नाही. पृष्ठांच्या आकड्यांमधली छोटी रेघ लांब करायची असेल तर ‘१२-३-१९५६’ सारख्या तारखा आधी बाजूला काढाव्यात. टिपेच्या सुरुवातीचा क्रमांक हीसुद्धा एक खूणच असते. ती नमुन्यात सापडून पुसली गेली, तर टीप बिनक्रमांकाची होते.

मराठीत खरी अडचण विसर्गाची. टंकताना ‘स्वतः’, ‘विशेषतः’, ‘दुःख’ यांत विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम पडतो. अक्षरानंतरचा प्रत्येक अपूर्णविराम विसर्ग करायचा, असा सरसकट नियम लावावासा वाटतो. पण वऱ्हाडी शब्दांचे अर्थ देणाऱ्या टिपांत ‘पऱ्हाटी: कापसाचे झाड’, ‘वावर: शेत’ असे असते. तिथला अपूर्णविराम खरा आहे आणि नियम त्याचे ‘पऱ्हाटीः’, ‘वावरः’ करून टाकतो. म्हणून विसर्ग येणाऱ्या शब्दांची यादी करून फक्त तेवढेच बदलावेत. यादी करायला वेळ लागतो, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावाच लागतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये अर्धविरामाच्या कळीवर ‘य’ आणि स्वल्पविरामाच्या कळीवर ‘ए’ आहे. पडद्यावर अक्षर दिसते, सॉफ्टवेअरला मात्र चिन्हच दिसते. अशा मजकुरावर ‘अर्धविरामाआधीची जागा काढा’ हा नियम चालवला, की ‘तो यवतमाळला गेला’चे ‘तोयवतमाळला गेला’ होते आणि ‘य’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द मागच्या शब्दाला चिकटतो.

‘उनि.’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे आधी उल्लेखलेला ग्रंथ) चुकून ‘उनि..’ झाले असेल, तर त्यातला जादा पूर्णविराम काढताना सर्वांत जास्त जपावे लागते. पाठभेदाच्या टिपेतले तीन टिंब म्हणजे पोथीत तिथे कसर लागली आहे किंवा अक्षर पुसले आहे, याची संपादकाने ठेवलेली नोंद असते. ‘एकाहून जास्त टिंबांचे एक करा’ असा ढोबळ नियम ती नोंद मिटवतो, आणि वाचणाऱ्याला ओळ पूर्ण वाटते. नियम अचूक दोन टिंबांवरच बांधावा, आधी व नंतर तिसरे टिंब नाही अशी अट घालावी. शिवाय फाइलीची प्रत राखून तीन टिंबांच्या जागा दुरुस्तीआधी व नंतर मोजाव्यात. आकडा एकाने जरी कमी भरला, तरी ती टीप सापडेपर्यंत पाने छपाईला देऊ नयेत.