स्पार्क प्लग वाचणं

स्पार्क प्लग वाचणं म्हणजे पेट्रोल इंजिनातला प्लग खोलून त्याच्या तोंडाचा रंग, काजळी, ओलेपणा बघायचा आणि आत हवा नि पेट्रोल कुठल्या प्रमाणात जळतंय ते ओळखायचं. गॅरेजमधे याला नुसतं "प्लग बघणं" म्हणतात. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, हवा त्याहून कमी पडली की मिक्श्चर रिच आणि जास्त झाली की लीन. फुल ताकद पाहिजे असेल तर मुद्दाम थोडं रिच, १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात, म्हणजे आलेली सगळी हवा वापरली जाते आणि सिलिंडरही जरा थंड राहतो. १९०२ मधे बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने हाय व्होल्टेज मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) आणि त्यासोबतचा प्लग तयार केला, आजचा प्लग दिसायला त्याच्यापेक्षा फार वेगळा नाही.

साधारण ओळख सगळ्यांना माहीत असते. फिकट तपकिरी किंवा राखाडी प्लग म्हणजे गाडी ठीक. बोटाला लागणारी कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी म्हणजे रिच, मग एअर फिल्टर चोंदलाय का, चोक अर्धवट अडकलाय का, कार्बोरेटरमधे (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) पेट्रोलची उंची ठरवणाऱ्या फ्लोटची लेव्हल जास्त आहे का ते बघायचं. काळा पण ओला आणि चकचकीत, तेलाचा हात लागल्यासारखा असेल तर तो पेट्रोलचा प्रश्नच नाही, ऑइल वर येतंय, पिस्टन रिंगा किंवा वॉल्व्ह सील गेलेत, आणि इथे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलत बसणारा माणूस नुसता वेळ घालवतो. (टू स्ट्रोकमधे पेट्रोलसोबत ऑइल जळतंच, त्यामुळे तिथे प्लग थोडा गडद आणि तेलकट असणारच.) पांढराफटक, वर फोड आल्यासारखा, इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, हे लीनचं किंवा जास्त ॲडव्हान्स टायमिंगचं, म्हणजे ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडण्याचं लक्षण, आणि याला मी सगळ्यात जास्त घाबरतो कारण रिच गाडी पेट्रोल खाते पण लीन गाडी पिस्टनला भोक पाडते.

आता गोम अशी आहे की वरवर दिसणारा हा रंग मिक्श्चरचा कमी आणि तापमानाचा जास्त असतो. मधल्या इलेक्ट्रोडभोवती जी पांढरी दांडी असते, जिला सगळे चिनी माती म्हणतात पण असतं ते ॲल्युमिनाचं सिरॅमिक, तिचं टोक साधारण ४५० ते ५०० डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की बसलेली काजळी आपोआप जळून जाते, आणि ८००-८५० च्या पुढे गेलं की ठिणगी पडायच्या आधीच त्या लालबुंद टोकाने मिक्श्चर पेट घेतं. म्हणजे मिक्श्चर अगदी बरोबर असूनही नुसता गरजेपेक्षा थंड प्लग लावला तरी तो काळा पडतो. सिरॅमिकचं नाक लांब तो हॉट प्लग, आखूड तो कोल्ड. आकड्यांचा तर घोळच आहे, एनजीकेमधे आकडा वाढला की प्लग कोल्ड होत जातो आणि बॉशमधे नेमकं उलटं, त्यामुळे कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवून प्लग घेऊ नका, तक्ता बघा.

मिक्श्चर खरं वाचायचं ते खाली, प्लगच्या पोटात. सिरॅमिक जिथे आत लोखंडी बॉडीला जाऊन मिळतं तिथे गॅस फारसा फिरत नाही, तापमान कमी असतं, म्हणून फुल थ्रॉटलला जी काजळी बनते ती तिथेच टिकते. भिंग आणि बारीक टॉर्च घेऊन प्लग डोळ्यासमोर तिरपा धरा, उजेड थेट आत पाडा, तळाशी सिरॅमिकभोवती केसाएवढी बारीक करडी रिंग दिसली तर मिक्श्चर जमलंय. रिंग जाड होऊन वर चढत असेल तर रिच, अजिबात नसेल तर लीन. वरचं नाक पांढरंशुभ्र आणि तळाला काळी रिंग असा प्लगही हातात येतो, नुसतं टोक बघणारा त्याला लीन म्हणून मोठा जेट टाकेल आणि गाडी अजून घाण करून ठेवेल.

वाकडी पट्टी, म्हणजे ग्राउंड इलेक्ट्रोड, टायमिंग सांगते. तापल्यामुळे तिच्यावर एका जागी रंग बदललेला असतो, ती खूण वळणाच्या मधोमध असली की बरं, बॉडीच्या बाजूला सरकली तर टायमिंग जास्त ॲडव्हान्स, टोकाकडे असेल तर कमी. सिरॅमिकवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चमकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर इंजिन ठोकतंय (आत मिक्श्चर नीट न जळता अचानक भडकतंय) आणि ते कण पिस्टनचे आहेत, तिथे गाडी थांबवायची, पुढची चक्कर मारायची नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या प्लग काढायच्या वेळेत. घरापर्यंत हळूहळू आलो, दोन मिनिटं आयडलला ठेवली, मग प्लग काढला, तर तो आयडलचीच गोष्ट सांगणार. म्हणून प्लग चॉप करतात, नवीन प्लग लावून इंजिन गरम करायचं, मोकळ्या बंद ट्रॅकवर वरच्या गिअरमधे लोडवर फुल थ्रॉटल खेचायची, आणि थ्रॉटल न सोडता किल स्विच मारून त्याच क्षणी क्लच दाबायचा, गाडी घरंगळत थांबू द्यायची आणि प्लग काढायचा. कार्बोरेटरमधे पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधल्या भागात नीडल आणि पाऊणच्या पुढे मेन जेट काम करतो, त्यामुळे ज्या थ्रॉटलला बंद केली त्याच भागाचा निकाल मिळतो. हवाही मधे येते, उंचावर ती विरळ म्हणून तोच जेट रिच होतो, थंडीत ती दाट म्हणून लीन.

जुन्या तक्त्यांमधला तो छान तपकिरी रंग शिशाच्या पेट्रोलच्या काळातला आहे, ते पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी जगात २०२१ मधे शेवटचं अल्जीरियात बंद झालं. आताच्या पेट्रोलवर, त्यात इंजेक्शनची गाडी असेल तर ठणठणीत इंजिनाचा प्लगही जवळजवळ पांढराच निघतो, तेव्हा पांढरा बघून लगेच घाबरायचं नाही, फोड किंवा वितळलेली कड आहे का ते बघायचं. इंजेक्शनमधे मिक्श्चर ऑक्सिजन सेन्सरच्या हिशेबाने कॉम्प्युटर ठरवतो त्यामुळे तिथे प्लग बघून ट्यूनिंग करायचा प्रश्न येत नाही, पण चारही प्लग काढून ओळीने ठेवले आणि तीन सारखे नि एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, कॉइल आणि कॉम्प्रेशन आधी तपासायचं.