आय-नाईन वेगळं, ई-व्हेरिफाय वेगळं, आणि व्हिडिओवर कागद बघायची मुभा सगळ्यांना नाही

अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचं हायरिंगचं कागदकाम मी बघते आणि दर महिन्याला कोणीतरी विचारतं की आय-नाईन आणि ई-व्हेरिफाय एकच का, आणि कागद व्हिडिओवर बघितले तर चालतात का, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आय-नाईन म्हणजे माणसाची ओळख आणि अमेरिकेत काम करायची परवानगी कागद बघून तपासल्याची नोंद करणारा फॉर्म. 1986 च्या कायद्याने आलेला, प्रत्येक नव्या एम्प्लॉयीसाठी, मग तो सिटिझन असो नाहीतर एच-वन व्हिसावर काम करणारा. पहिला भाग त्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, दुसरा आपण कागद बघून त्यानंतरच्या तीन बिझनेस दिवसांत. फॉर्म फेडरल, त्यामुळे टेक्सासचा वेगळा न्यू जर्सीचा वेगळा असलं काही नाही.

ई-व्हेरिफाय म्हणजे सरकारची ऑनलाइन सिस्टिम, आय-नाईनमधलीच माहिती तिथे टाकायची आणि ती सोशल सिक्युरिटी आणि होमलँड सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी ताडली जाते. बहुतेक खाजगी कंपन्यांना फेडरल कायद्याने हे ऐच्छिक आहे, पण राज्यांचे आपापले नियम आहेत, ॲरिझोनात 2008 पासून सगळ्यांना सक्ती, फ्लोरिडात 1 जुलै 2023 पासून 25 किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती. म्हणजे माणूस कुठल्या राज्यात बसून काम करणार हा प्रश्न ई-व्हेरिफायसाठी विचारायचा. आणि "ई-व्हेरिफाय केलं ना, मग आय-नाईन कशाला" हे कृपया बंद करा, आधी आय-नाईन, मगच त्या माणसाची ई-व्हेरिफायमधली नोंद, म्हणजे केस.

आता खरा घोळ. एम्प्लॉयी ओहायोत, तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, त्याचे कागद बघायचे कसे? निम्मे लोक सांगतात "झूमवर बघितले की झालं". ती सगळ्यांना मिळालेली सूट कोव्हिडमधली होती आणि 31 जुलै 2023 ला संपली. 1 ऑगस्ट 2023 पासून लाइव्ह व्हिडिओवर कागद तपासायची परवानगी आहे ती फक्त ई-व्हेरिफायमध्ये असलेल्या आणि तिथले नियम पाळणाऱ्या कंपन्यांना. तुम्ही ई-व्हेरिफायमध्ये नसाल तर व्हिडिओ कितीही स्पष्ट असो, तो आय-नाईन चुकलेलाच. दोन्ही गोष्टींची सांगड बसते ती इथेच, आणि नेमकं हेच कोणी नीट सांगत नाही. शिवाय फ्लोरिडापुरतं ई-व्हेरिफाय घेतलं आणि ओहायोच्या माणसाचे कागद व्हिडिओवर बघितले, हेही चालत नाही, जिथे जिथे व्हिडिओ वापरणार ती प्रत्येक हायरिंग साइट, म्हणजे भरतीचं ठिकाण, ई-व्हेरिफायमध्ये नोंदवलेली हवी.

नियमात बसत असाल तर क्रम असा, एम्प्लॉयी आधी कागदांच्या पुढच्या-मागच्या बाजूंच्या कॉपी पाठवतो, मग लाइव्ह व्हिडिओवर तेच कागद दाखवतो, तुम्ही कॉपी जपून ठेवता आणि फॉर्मवर त्यासाठीच्या चौकोनात टिक करता. तो टिक लोक हमखास विसरतात. आणि रिमोटवाल्यांना व्हिडिओ, ऑफिसवाल्यांना समोरासमोर, अशी विभागणी चालते, पण सिटिझनला व्हिडिओ आणि ग्रीन कार्डवाल्याला "तू प्रत्यक्ष ये", हा सरळ भेदभाव आहे.

ई-व्हेरिफाय नसेल तर एम्प्लॉयीच्या जवळपासचा कोणीही माणूस तुमचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून समोर बसून कागद बघतो आणि दुसरा भाग भरून सही करतो. शेजारीसुद्धा चालतो, पण त्याने केलेली चूक तुमच्याच माथी येते. "आय-नाईन नोटराइझ करून आण" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, नोटरी नेमलात तरी तो इथे प्रतिनिधी म्हणून बसलेला असतो, शिक्का मारायचा नसतो. वर्षाला एखाद-दुसरा माणूस घेत असाल तर माझ्या मते हाच मार्ग बरा, पाच-सहा राज्यांत सतत भरती असेल तर सरळ ई-व्हेरिफाय घ्या.

पुण्या-मुंबईहून शिकायला आलेल्या मुलांनाही हा फरक नडतो. पहिल्या 12 महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीला, कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असण्याची अट नाही, सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना पुढे मिळणाऱ्या 24 महिन्यांच्या वाढीला, म्हणजे स्टेम एक्स्टेन्शनला, आहे. कंपनी जर "आम्ही आय-नाईन करतो" म्हणाली तर तेवढ्यावर थांबू नका, ते सगळेच करतात, ई-व्हेरिफायचं स्पष्ट विचारा.

आणि ऑगस्ट 2023 नंतर कोणाचे कागद ई-व्हेरिफाय नसताना व्हिडिओवर बघितले असतील तर आत्ता प्रत्यक्ष बघून घ्या, काय झालं होतं त्याची चिठ्ठी फॉर्मला जोडा आणि तारीख आजचीच टाका.