ओवेन, विल्फ्रेड : कागदपत्रसंग्रह

ओवेन, विल्फ्रेड : (१८ मार्च १८९३ – ४ नोव्हेंबर १९१८). पहिल्या महायुद्धातील या इंग्रज कवीची हस्तलिखिते, पत्रे, त्याच्या संग्रहातील पुस्तके आणि घराण्याचे कागद आज मुख्यतः तीन ठिकाणी आहेत : लंडनची ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाचे हॅरी रॅन्सम केंद्र. हयातीत ओवेनच्या जेमतेम पाच कविता छापून आल्या. संग्रह एकही निघाला नाही. त्यामुळे त्याच्या बहुतेक कवितांना कवीने स्वतः तपासून मान्य केलेली छापील संहिता नाही. संपादकाला वारंवार खाडाखोड केलेल्या कागदांकडेच जावे लागते.

संग्रहाचा इतिहास : ओवेनची आई सूझन हिने मुलाची पत्रे व कविता जपून ठेवल्या. मात्र त्याने न वाचता जाळायला सांगितलेली कागदांची एक गोणी तिने त्याच्या इच्छेप्रमाणे जाळून टाकली. उरलेल्या हस्तलिखितांवरून कवयित्री ईडिथ सिटवेल हिने संग्रहाची बरीचशी तयारी केली. पण १९२० मध्ये तो निघाला ओवेनचा मित्र व युद्धकवी सीगफ्रीड ससूनच्या प्रस्तावनेसह. कवी एडमंड ब्लंडनची चरित्रात्मक टिपणासह वाढवलेली आवृत्ती १९३१ ची. काव्यहस्तलिखितांचा मुख्य भाग १९३४ मध्ये ब्रिटिश म्यूझियमकडे आला व पुढे ब्रिटिश लायब्ररीत गेला. ऑक्सफर्डमधील संग्रह, म्हणजे ओवेनची पुस्तके, छायाचित्रे, कौटुंबिक पत्रे आणि त्याने संपादिलेल्या ‘द हायड्रा’ या रुग्णालयीन नियतकालिकाचे अंक, त्याची भावजय फिलिस हिने १९७५ मध्ये इंग्रजी विभागाच्या ग्रंथालयाला दिला.

पत्रे : भाऊ हॅरल्ड ओवेन व जॉन बेल यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनात ६७३ पत्रे आहेत, त्यांपैकी पाचशेहून अधिक एकट्या आईला लिहिलेली. बॉर्दोमधील शिकवणीची वर्षे, आघाडी, इस्पितळ या सर्वांची माहिती प्रामुख्याने याच पत्रांतून मिळते. आणि ती आईला सांगण्याजोगी माहिती आहे, हे वाचकाने विसरू नये. भरीस हॅरल्डने काही मजकूर शाईने खोडला, काही कापून काढला. त्यामागे घरगुती क्षुल्लक तपशील वगळण्याचा हेतू होता, असे एक समर्थन आहे. ओवेनच्या समलिंगी ओढीविषयीचे, तसेच ऑस्कर वाइल्डचा मित्र रॉबर्ट रॉस आणि अनुवादक स्कॉट मॉनक्रीफ यांच्या वर्तुळाशी जडलेल्या संबंधांचे उल्लेख झाकणे हाही हेतू असावा, असे डॉमिनिक हिबर्ड यांच्यासारखे चरित्रकार मानतात. उपलब्ध पुरावा पाहता दुसरे मत अधिक पटते. मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रातही असाच फरक दिसतो. अधिकृत मजकुरानुसार ओवेनने शत्रूची हस्तगत केलेली मशीनगन स्वतः चालवून शत्रूची मोठी हानी केली. १९६७ च्या संकलनात मात्र त्याने मशीनगन हस्तगत करून अनेक कैदी पकडले, असे छापले आहे. युद्धविरोधी कवीची प्रतिमा सांभाळण्यासाठी कुटुंबाने हा बदल केला असावा, असा तर्क आहे.

ससूनशी मैत्री व हस्तलिखिते : ऑगस्ट १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट या युद्धाचा मानसिक धक्का बसलेल्या अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात ओवेन ससूनला भेटला. ससूनने १९४५ च्या आठवणींत आपले साहाय्य एकदोन किरकोळ सूचनांपुरते होते असे सांगितले आहे. ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या सुनीताचे मसुदे थोडे वेगळे बोलतात : त्यांवर ससूनच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या आहेत. शीर्षकातील ‘अँथम’ (स्तोत्रगीत) हा शब्द त्यानेच सुचवला, असे ओवेन सप्टेंबर १९१७ च्या पत्रात आईला कळवतो. ‘डेड’च्या (मृत) जागी ‘डूम्ड’ (ज्यांचा मृत्यू अटळ आहे असे) आले तेही ससूनच्या सूचनेने, असे मानतात. मसुद्यातील ‘आपल्या’ तोफा अंतिम पाठात नुसत्या तोफा झाल्या, आणि त्यांचा गंभीर क्रोध राक्षसी झाला. यांपैकी प्रत्येक फरक कोणाचा, हे अक्षर व पेन्सिल-शाई पाहून ठरवावे लागते. एका कवितेवर दोन कवी काम करताना क्वचितच असे समोरासमोर दिसतात.

कालनिर्णय व पाठभेद : ‘डुल्के एट डेकोरुम एस्ट’ (लॅटिन : ‘गोड आणि उचित आहे’) या कवितेच्या मसुद्यावर ८ ऑक्टोबर १९१७ ही तारीख आहे, पण विषारी वायूवरची कविता ‘काल’ पूर्ण झाली असे आईला कळवणारे पत्र संपादकांनी, प्रश्नचिन्हासह, १६ ऑक्टोबरचे मानले आहे. तारीख पहिल्या खर्ड्याची व पत्रातला उल्लेख सुधारित प्रतीचा, असे धरल्यास विरोध मिटतो. कवितेवरचे काम १९१८ च्या आरंभापर्यंत चालले असावे. अंतिम प्रत निश्चित नसल्याने आवृत्त्यांतही फरक पडतो. जुन्या आवृत्त्यांत सैनिकांच्या मागे पडणारे गोळे थकून मागे राहिलेले ५.९ इंची तोफगोळे आहेत. जॉन स्टॉलवर्दी यांच्या १९८३ च्या द्विखंडात्मक आवृत्तीत ते हलकेच पडणारे वायुगोळे आहेत. स्टॉलवर्दींनी पत्रांबरोबरच कागदावरील जलचिन्हांच्या (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणांच्या) आधारे कालक्रम लावला. ही पद्धत सर्वांत भरवशाची. तरी कागदाची थप्पी बाळगणारा माणूस तो केव्हाही वापरू शकतो, एवढी मर्यादा लक्षात घ्यावी. ‘मायनर्स’ची गोष्ट निराळी : १२ जानेवारी १९१८ च्या हॅल्मर एंड खाणदुर्घटनेनंतर लगेच लिहिलेली ही कविता २६ जानेवारीला ‘द नेशन’ या साप्ताहिकात छापून आली.

नियोजित संग्रहाची प्रसिद्ध ‘प्रस्तावना’ हा मुळात एक अपुरा खर्डा असून तो बहुधा मे १९१८ मध्ये उत्तर इंग्लंडमधील रिपन येथे लिहिला गेला. आवृत्त्यांच्या आरंभी पूर्ण जाहीरनाम्यासारखा छापल्याने त्याला कवीने न दिलेले वजन आले आहे. ‘स्प्रिंग ऑफेन्सिव्ह’चा काही भाग ससूनला पाठवताना पुढे लिहावे का, असे ओवेनने विचारले होते, त्या कवितेवर अखेरचा हात फिरलाच नाही.

भारतीय संदर्भ : १ ऑगस्ट १९२० रोजी, रवींद्रनाथ टागोर लंडनमध्ये असल्याचे कळल्यावर सूझनने त्यांना पत्र लिहिले. ते शांतिनिकेतनातील रवींद्रभवनात आहे. अखेरच्या निरोपाच्या वेळी समुद्राकडे पाहत विल्फ्रेडने टागोरांच्या ओळी म्हटल्या, परत आलेल्या त्याच्या खिशातल्या वहीतही त्याच ओळी टागोरांच्या नावासह होत्या, असे तिने कळवले आणि पूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, अशी विचारणा केली. त्या ओळी इंग्रजी ‘गीतांजली’च्या ९६ व्या कवितेतील, मूळ बंगाली गीत ‘जाबार दिने’ हे. ओवेनच्या काव्यावर टागोरांचा प्रभाव होता, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही.

उत्तरकाल : मृत्यूची तार घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या दिवशी. फ्रान्समधील ऑर्स येथील समाधिशिलेवर घरच्यांनी ‘दि एंड’ या कवितेतील ओळी कोरवल्या, पण मुळातले दुसरे प्रश्नचिन्ह गाळून. त्यामुळे कवीची शंका श्रद्धेचे विधान झाली. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ‘वॉर रेक्विएम’ने (१९६२) या कविता संगीतरसिकांपर्यंत नेल्या. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने २००८ मध्ये खुल्या झालेल्या पहिल्या महायुद्धकाव्याच्या अंकीय संग्रहात वेगवेगळ्या ग्रंथालयांतील मसुद्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहता येतात.