वॉलेट ‘आवरायच्या’ आधी हे वाचा

बिटकॉइन वॉलेटच्या गोपनीयतेसाठी आमची मदत घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक आदल्या रात्री एक काम उरकून येतात. वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, दहा-बारा ठिकाणांहून आलेले बिटकॉइन असतात. ते सगळे एका नव्या पत्त्यावर (बँक खात्याच्या क्रमांकासारखी ही ओळ असते) पाठवतात आणि भेटीत सांगतात, “सगळं एका जागी आणून ठेवलंय, तुम्हाला सोपं जाईल.” पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसंच हे. हेतू चांगला असतो, पण गोपनीयतेच्या दृष्टीने नेमकं हेच काम आम्हाला नंतर निस्तरता येत नाही. म्हणून भेटीची वेळ ठरली की आम्ही लगेच हे पत्रक पाठवतो.

वॉलेट उघडलं की शिल्लक म्हणून एकच आकडा दिसतो. आत मात्र सुटी सुटी नाणी असतात. ज्या व्यवहारातून जेवढी रक्कम आली, तेवढ्या रकमेचं एक नाणं. कुणाला पैसे पाठवताना वॉलेट त्यातली एक किंवा अनेक नाणी उचलतं. अनेक उचलली, तर प्रत्येक नाण्यासाठी त्याच्या किल्लीची, म्हणजे मालकाकडच्या गुप्त आकड्याची, वेगळी सही लागते. बिटकॉइनचे व्यवहार कुणालाही उघड दिसतात. या सगळ्या किल्ल्या एकाच्याच हातात असणार, असा अंदाज बघणारा लगेच बांधतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. ही गोष्ट बिटकॉइनच्या २००८ सालच्या मूळ निबंधातच लिहिलेली आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी याच धाग्याने असंख्य पत्त्यांचे गट पाडून दाखवले. आज हे काम करणाऱ्या कंपन्याच आहेत.

आमच्या एका ग्राहकाचं उदाहरण देतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि आकडे बदलले आहेत. त्यांच्याकडे तीन नाणी होती. ०.०४ बिटकॉइनचं पहिलं नाणं एक्स्चेंजवरून (बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून) घेतलेलं, तिथे त्यांचं ओळखपत्र जमा होतं. ०.०३१ चं दुसरं नाणं एका कंपनीने कामाचा मोबदला म्हणून दिलेलं. ०.०१५ चं तिसरं वाचकांच्या देणगीतून आलेलं. हे गृहस्थ टोपणनावाने लिहीत आणि देणगीचा पत्ता त्यांनी लेखांखाली जाहीर दिला होता. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी तिन्ही नाणी एका व्यवहारात एकत्र केली.

त्यानंतर मोबदला देणाऱ्या कंपनीने फक्त आपण दिलेलं नाणं पुढे कुठे गेलं एवढं पाहिलं असतं, तरी पुरलं असतं. शेजारीच देणगीचा पत्ता दिसला असता, तो शोधयंत्रात टाकला की टोपणनाव समोर. एक्स्चेंजलाही तेच दिसणार. इतकी वर्षं जपलेली ओळख फुटायला एक व्यवहार पुरला. आम्ही तो त्यांना स्क्रीनवर दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“जुनं कोण बघत बसतंय?” असं आम्हाला नेहमी विचारतात. सगळे व्यवहार नोंदवणारी बिटकॉइनची जाहीर वही जानेवारी २००९ पासूनची आहे आणि तिच्यातली एकही ओळ पुसली जात नाही. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ साली चोरीला गेलेल्या नाण्यांचा माग काढत तपास यंत्रणांनी २०२२ साली अटक केली. चोर पकडला गेला, चांगलंच झालं. पण ती वही चोराची आणि तुमची वेगळी नाही.

तेव्हा विनंती एवढीच, भेटीआधी काहीही हलवू नका. त्याऐवजी यादी करा. प्रत्येक रक्कम कुठून आली, कधी आली आणि ती तुमची आहे हे कोणाला माहीत आहे. यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यावरून आम्ही नाण्यांचे गट पाडतो, वॉलेटमध्ये प्रत्येकाला लेबल लावतो आणि पैसे पाठवताना नाणं स्वतः कसं निवडायचं ते दाखवतो. स्पॅरो, इलेक्ट्रम, बिटकॉइन कोअर या तिन्ही वॉलेटमध्ये ही सोय आहे. एका गटातली रक्कम पुरत नसेल, तर शक्य असेल तिथे दोन वेगळे व्यवहार करा. शुल्क थोडं जास्त जातं, पण गट वेगळे राहतात. एवढा वेळ यादीवर का घालवता, असं काहींना वाटतं. आमच्या अनुभवात यादी नीट असेल तर बाकी काम एका बैठकीत होतं, आणि नसेल तर तीन बैठका जातात. कराचा हिशेब देतानाही हीच यादी कामाला येते.

सुटे पैसे

नाणं अर्धं मोडून देता येत नाही. मोठी नोट देऊन सुटे परत घ्यावेत, तसं पूर्ण नाणं जातं आणि उरलेली रक्कम तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर येते. ०.०४ च्या नाण्यातून कुणाला ०.०१२ दिले, तर ०.००००२ शुल्क जाऊन ०.०२७९८ तुमच्याकडे येतात. घेणाऱ्याला स्वतःची रक्कम माहीत असते, म्हणजे उरलेली तुमची हे त्याला कळतं. पुढे तुम्ही ती खर्च केली की तेही दिसतं. किरकोळ देण्यासाठी सगळ्यात मोठं नाणं उचलू नका, असं आम्ही सांगतो ते यासाठी. या सुट्या रकमेवर गटाचं लेबल लावायला लोक हमखास विसरतात.

कधीकधी अनोळखी ठिकाणाहून पाच-सहाशे सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) येऊन पडतात. फुकट मिळाले म्हणून खूश होऊ नका. पुढच्या व्यवहारात वॉलेट ते आपोआप इतर नाण्यांबरोबर उचलेल, याच आशेने ते पाठवलेले असू शकतात. ते नाणं गोठवून ठेवा, म्हणजे वॉलेट ते उचलणार नाही.

पत्ता दरवेळी नवा घ्या. बारा किंवा चोवीस सीड शब्दांतून, म्हणजे वॉलेट ज्यांवर उभं असतं त्या गुप्त शब्दांतून, हवे तितके पत्ते निघतात आणि जुन्यांवर आलेले पैसेही तुमच्याच वॉलेटमध्ये दिसतात. एक्सपब नावाची लांबलचक ओळ मात्र कुणाला चॅटवर पाठवू नका, आम्हालाही नको. तिने पैसे काढता येत नाहीत, पण त्या खात्याचे मागचे-पुढचे सगळे पत्ते दिसतात. ती आम्ही फक्त समोरासमोर, तुमच्याच यंत्रावर उघडतो. त्यासाठी यावं लागतं म्हणून काही ग्राहक नाराज होतात. तरी हा नियम आम्ही बदलणार नाही.

एवढी काळजी घेऊनही एक फट राहते. मोबाइलवरचं साधं वॉलेट शिल्लक दाखवण्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारतं, “या पत्त्यांवर किती आहे?” वेगळे ठेवलेले गट त्या सर्व्हरला एकत्र दिसतात, वर तुमचा आयपी पत्ताही. स्वतःचा व्यवहार एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर (व्यवहार शोधून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) शोधलात तरी तेच. यावर खरा उपाय म्हणजे स्वतःचा नोड, बिटकॉइनची वही स्वतः उतरवून तपासणारा संगणक. ही पूर्ण वही, म्हणजे साखळी, आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून आम्ही २ टीबीची डिस्क लावून, वॉलेट जोडूनच नोड हातात देतो. डिस्क लहान असेल तर वहीची जुनी पानं (ब्लॉक) काढून टाकत चालणारी मांडणीही करून देतो. हे काम तुम्ही स्वतःही करू शकता, सॉफ्टवेअर मोफत आहे. अडलात तर फोन करा.

इथेरियमवाल्यांसाठी

इथेरियम ही बिटकॉइनहून वेगळी व्यवस्था, तिथे सुटी नाणी नसतात. एक खातं आणि त्याचा सगळा इतिहास उघडा. गट वेगळे ठेवायचे तर खातीच वेगळी हवीत. इथे लोक हमखास एका जागी अडकतात. नव्या खात्यावर टोकन (इथेरियमवर चालणारं दुसरं चलन) येतं, ते हलवायला गॅस म्हणजे व्यवहाराचं शुल्क लागतं, आणि तेवढा इथर (इथेरियमचं स्वतःचं चलन) जुन्या खात्यावरून पाठवला जातो. दोन्ही खाती त्या क्षणी जोडली गेली. नवं खातं उघडण्याआधी त्याचा गॅस कुठून येणार ते ठरवा.

माग लपवण्यासाठी अनेकांची नाणी मिसळून देणाऱ्या सेवा आम्ही का वापरत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. २०१३ साली मांडली गेलेली कॉइनजॉइनची पद्धत (अनेकांची नाणी एकाच व्यवहारात घालण्याची) तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे, तुमची नाणी तिच्यात तुमच्याच ताब्यात राहतात. पण अशा व्यवहारातून आलेली नाणी काही एक्स्चेंज अडवतात आणि खुलासा मागतात. ज्या सेवांत नाणी आधी दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागतात, त्यांचं नावही आम्ही काढत नाही. ग्राहकाचे पैसे परत येतील याची हमी आम्हाला देता येत नसेल, तर तो रस्ता आम्ही सुचवत नाही.

आधीच सगळं एकत्र केलं असेल, तर तसं सरळ सांगा. तो ढीग ओळख उघड झालेला आहे असं धरून आम्ही बाजूला ठेवतो आणि यापुढे येणाऱ्या रकमांसाठी नवे सीड शब्द घेऊन वेगळं वॉलेट मांडतो. वर सांगितलेल्या लेखकांनी तेच केलं. लेखांखालचा जुना पत्ताही काढला, आता देणगी देणाऱ्या प्रत्येकाला नवा पत्ता मिळतो.

भेटीला येताना यादी कागदावर लिहून आणा. सीड शब्द घरीच ठेवा.