काटा मध्यावर, पण कूलंट किती डिग्रीवर?

साताऱ्यात एप्रिल-मेमध्ये गाडी तापल्याची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "काटा तर मध्यावरच होता हो, आणि एकदम वर गेला." सांगणारा खरंच सांगत असतो. काटा मध्यावर असतो आणि तरी कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान बऱ्याच वेळापासून चढत असतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) दिसणारा आकडा बहुतेक नव्या गाड्यांत एकाच सेन्सरवरून येतात, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. घाटात मात्र दोन्हींतला फरक माहीत असायलाच हवा.

थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आसपास, इंजिनमधून गरम कूलंट बाहेर पडतं त्या वाटेवर हा छोटा सेन्सर बसवलेला असतो. कूलंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तापमान काढतो. पेट्रोल किती सोडायचं, रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, हे त्याच तापमानावर ठरतं. ईसीयूला खरा आकडा पक्का माहीत असतो. काट्यापर्यंत मात्र तो जसाच्या तसा येत नाही.

जुन्या गाड्यांत काट्याला स्वतंत्र सेन्सर आणि एक वायर असायची. चढाला काटा थोडा वर, उताराला खाली. लोक घाबरून गाडी गॅरेजला न्यायचे आणि तिथे काहीच निघायचं नाही. म्हणून कंपन्यांनी काट्याला मधोमध धरून ठेवलं. कूलंट साधारण ७५-८० पासून १०५ डिग्रीपर्यंत कुठेही असो, काटा मध्यावरच. हा पट्टा गाडीगणिक बदलतो, पण पद्धत तीच. त्यापुढे गेलं की काटा झपाट्याने लालकडे सरकतो आणि आपल्याला वाटतं, गाडी अचानक तापली. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नाही, दोन दिवे आहेत. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे ताबडतोब थांबा. मधलं काहीच कळत नाही.

ओबीडीचं सॉकेट १६ पिनांचं असतं, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत ते सापडतं. त्यात ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावला की मोबाइलवर कूलंटचं तापमान डिग्रीत दिसतं. गाडी शून्य ते २५५ मधली एक संख्या पाठवते आणि ॲप त्यातून ४० वजा करून दाखवतं. म्हणून भर उन्हात स्क्रीनवर उणे ४० दिसलं, तर अनेकदा सेन्सरची वायर सुटलेली असते.

आता वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट घ्या. वाईतून निघताना गाडी ८८ ते ९२ च्या आसपास असते, थर्मोस्टॅट उघडलेला. एसी बंद. पुढे एसटी, आपण दुसऱ्या गियरमध्ये. वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा लागत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावतंय. आकडा चढतो, ९४, ९६, ९८. मग बॉनेटखालून फॅनचा घरघराट येतो आणि आकडा हळूहळू ९३ वर येतो. फॅन बंद होतो. पुन्हा चढण, पुन्हा ९८, पुन्हा फॅन. ही लय दिसली की निश्चिंत राहावं, कूलिंग उत्तम चाललंय. एसी चालू असेल तर फॅन बहुतेक सतत फिरतो, तेव्हा चढउतार इतका स्पष्ट दिसत नाही. एवढ्या सगळ्या वेळात काटा केसभरही हललेला नसतो.

जपायचं ते फॅन लागूनही आकडा उतरत नाही तेव्हा. १००, १०२, १०४ असा तो चढतच राहिला तर रेडिएटर कचऱ्याने बुजलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, फॅनचा वेग पडलाय किंवा कूलंट कमी आहे. काटा अजून मध्यावरच असतो आणि थांबायला जागा शोधण्याइतका वेळ आपल्या हातात असतो. याच काही मिनिटांसाठी मी आकड्याच्या बाजूने आहे. इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गास्केट गेलं की खर्च हजारोंत जातो.

आकड्याचाही अर्थ लावावा लागतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ डिग्रीच्या आसपासच उकळतं. मग ९८ ला गाडी का उकळत नाही? रेडिएटरच्या झाकणामुळे. ते आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही आणि पाण्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर. झाकणाचं रबर कडक झालं, दाब सुटायला लागला, की तोच १०० चा आकडा धोक्याचा. आपल्याकडे कूलंट कमी दिसलं की विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. कृपा करून ते करू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापायचं कारण आपणच आत ओतलेलं असतं.

एका प्रसंगी काटा आणि आकडा दोन्ही फसवतात. पाइप फुटून कूलंट वाहून गेलं, तर सेन्सर पाण्यात न राहता वाफेत किंवा हवेत लटकतो. इंजिन भाजत असताना आकडा खाली येऊ शकतो. चढावर, जोर लागत असताना, आकडा विनाकारण झपकन पडला तर तो वाढण्याइतकाच गंभीर धरावा आणि लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. म्हणून खंबाटकी असो की कास रस्त्याचा यवतेश्वर घाट, निघण्याआधी गाडी थंड असताना बाटलीतली कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. त्याला पर्याय कुठलंच मीटर देत नाही.

आकडा १०५ च्या वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. केबिनमध्ये उकडेल, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर पडते. जागा मिळताच थांबा. कूलंट शाबूत असेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन थोडा वेळ चालूच ठेवा. वाफ दिसली, खाली पाणी सांडत असेल किंवा काटा लालमध्ये गेला तर लगेच बंद. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नका, दाबाखालचं पाणी थेट तोंडावर येतं.

ॲपमध्ये १०३ चा अलार्म लावता येतो, म्हणजे चालवताना मोबाइलकडे बघत बसावं लागत नाही. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, तो थोडी थोडी बॅटरी खातो.